बेत कुठे मोडला? : एका तरुण पुरातत्त्वज्ञाचा ग्रीसचा प्रवास आणि घरी पाठवलेली पत्रं



व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिला तेव्हा एका आजोबांनी आम्हाला विचारलं, "सेलूत बसून ग्रीसचं काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शेवटी देऊ. आधी हा विषय आमच्या डोक्यात कसा आला, ते सांगतो.

इथल्याच एका मुलानं बी. ए. झाल्यावर पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकायचं ठरवलं. घरी सांगितलं, तेव्हा वडील रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "जमीन आपणही उकरतो, बाबा. तू तिकडे जाऊन उकरणार ते काय, आणि तिथून आम्हाला काय कळवणार?" मुलाला उत्तर देता आलं नाही. तो आमच्याकडे आला, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही लगेच देता आलं नाही. पगार किती, नोकरी कुठे, हे प्रश्न वेगळे. 'काय कळवणार' हा प्रश्न मात्र सरळ लेखनाचा आहे. लांब गेलेल्या माणसानं घरी काय लिहावं? पुरातत्त्वासारख्या कामातलं घरच्यांना कळेल असं काय असतं? म्हणून आम्ही एका तरुण पुरातत्त्वज्ञाकडे वळलो. त्याचे प्रवासाचे बेतही उपलब्ध आहेत आणि घरी पाठवलेली पत्रंही जपली गेली आहेत. त्याचं नाव जॉन पेंडलबरी.

थोडी ओळख करून देतो. जन्म १९०४, लंडनचा. वडील शल्यचिकित्सक. मुलगा एकुलता. लहानपणीच एक डोळा गेला, तिथे काचेचा डोळा बसवला. सतरा वर्षांचा असताना आई गेली. केंब्रिजला शिकला, तिथे उंच उडीत नाव काढलं. १९२७ साली शिष्यवृत्ती मिळवून अथेन्सच्या ब्रिटिश स्कूलमध्ये दाखल झाला. हे नावाला 'स्कूल', प्रत्यक्षात पुरातत्त्वाची संशोधन संस्था. १९३० साली क्रीट बेटावरच्या क्नोसॉसचा तो क्युरेटर झाला. सर आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून खणून काढलेला राजवाडा तो हाच. त्याच वर्षापासून हिवाळ्यात इजिप्तमधल्या अमार्नाच्या उत्खननाचं प्रमुखपदही त्याच्याकडे आलं. मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले, त्या लढाईत तो मारला गेला. वय छत्तीस.

आता त्याचा बेत पाहू. अथेन्सला पोहोचलेल्या या मुलापुढे पेच होता. ग्रीस करायचं की इजिप्त? दोन्हींचा ओढा सारखाच. आपल्याकडे असा पेच पडला की घरातलं मोठं माणूस निकाल लावतं. यानं निकालच लावला नाही. ग्रीसच्या भूमीत सापडलेल्या इजिप्शियन वस्तू हाच अभ्यासाचा विषय घेतला. एका बेतात दोन्ही देश बसवले! त्यातून १९३० साली 'एजिप्शियाका' हे पुस्तक निघालं. हे पुस्तक म्हणजे याद्या. कुठली वस्तू, कुठे सापडली, कुठल्या काळातली. काम चोख आहे, पण त्यात वारा नाही, चढ नाही, माणूस नाही. संग्रहालयाच्या कपाटापुढे उभं राहून केलेला हा बेत होता, आणि तो तसाच पार पडला असता तर आज आम्ही त्याच्याविषयी बोलत नसतो.

तो बेत क्रीटमध्ये मोडला. १९२८ साली तो या बेटाच्या पूर्व भागात पहिल्यांदा हिंडला. त्या भ्रमंतीची हकिगत आणि त्यानं लिहिलेल्या प्रवासाच्या सूचना, असं एक छोटं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४८ साली केंब्रिजहून खाजगी वितरणासाठी छापलं गेलं. त्याचं नाव 'जॉन पेंडलबरी इन क्रीट'. पुस्तकाची ही जोडणीच आम्हाला महत्त्वाची वाटते. सूचना म्हणजे बेत: कसं जावं. हकिगत म्हणजे प्रत्यक्षात काय झालं. दोन्ही एका पुठ्ठ्यात आल्यामुळे एकाच्या उजेडात दुसरं तपासता येतं.

त्यापुढची दहा वर्षं हा माणूस बेट पायाखाली घालत राहिला. १९३९ साली त्याचं मोठं पुस्तक आलं, 'द आर्किऑलॉजी ऑफ क्रीट'. ते उघडलं की पहिल्यांदा राजवाडा भेटत नाही. भेटतं ते बेट. डोंगर, खिंडी, जुन्या वाटा, एका गावाहून दुसऱ्या गावी चालत किती तास लागतात. मग काळामागून काळ, आणि प्रत्येक काळातल्या वस्त्यांच्या याद्या. म्हणजे यादी करण्याची सवय सुटली नाही, पण तिच्याखाली आता जमीन आली. त्यानं दिलेले तास मात्र जपून घ्यावेत. ते उंच उडी मारणाऱ्याच्या पायांचे तास आहेत, आपल्या गुडघ्यांचे नव्हेत.

'एजिप्शियाका' आणि हे पुस्तक यांच्यामध्ये नऊ वर्षं आहेत. तेच डोळे... चुकलो, तोच एक डोळा. तोच हात. पण लिहिणारा बदलला. कसा बदलला, हे दोन्ही पुस्तकांत कुठेच सांगितलेलं नाही. ते शोधायला पत्रांकडे जावं लागतं.

त्याची पत्रं बरीचशी वडिलांना आहेत. ती जपली गेली, आणि इमोजेन ग्रंडन यांनी २००७ साली लिहिलेल्या 'द रॅश ॲडव्हेंचरर' या त्याच्या चरित्राला त्यांचा मोठा आधार आहे. आता इथे टीकेचा एक मुद्दा येतो, तो जरा सावकाश सांगतो.

आपल्या जुन्या पत्रांची रीत आठवा. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', 'इकडील सर्व कुशल', 'पत्रास कारण की', आणि शेवटी 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद'. या सगळ्या झाकणांच्या मध्ये मजकुराच्या दोन ओळी. आम्ही लहान असताना आंतर्देशीय पत्र यायचं. आजी ते दोनदा वाचून घ्यायची. पहिल्यांदा बातमीसाठी, दुसऱ्यांदा जे लिहिलेलं नाही त्यासाठी. "सर्व कुशल लिहिलंय, पण अक्षर बघ कसं आलंय," असं म्हणायची. आजीला समीक्षा हा शब्द माहीत नव्हता, पण पत्र वाचण्याची तीच खरी पद्धत आहे. घरचं पत्र काळजी लपवण्यासाठीही लिहिलेलं असतं. म्हणून ते पुरावा म्हणून जसंच्या तसं घेता येत नाही, आणि टाकूनही देता येत नाही.

तरीही उत्खननाच्या अहवालात नसलेली एक गोष्ट पत्रात असते. अहवाल शेवट माहीत असताना लिहिला जातो. खड्डा भरून झाला, खापरं धुऊन झाली, थर ठरले, मग अहवाल. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय निघणार हे माहीत नसतं. त्याच्या अंदाजाला चुकण्याची मुभा असते. बेत मोडतो तो क्षण जर कुठे कागदावर उतरत असेल, तर तो पत्रात.

आणि नेमकं हेच आपण वाचक हिरावून घेतो. पेंडलबरी १९४१ साली मारला गेला, त्याची दंतकथा झाली. डोंगरात लढायला जाताना तो आपला काचेचा डोळा टेबलावर ठेवून जायचा, म्हणजे तो कुठे गेलाय हे मित्रांना कळे, असं सांगतात. गोष्ट मोठी देखणी आहे. पण मग १९२८ सालचं त्याचं पत्रही आपण त्या टेबलावरच्या डोळ्याकडे बघत वाचतो. डोंगर चढला की आपण म्हणतो, ही पुढच्या लढाईची तयारी! मेंढपाळाशी बोलला की म्हणतो, हेच पुढे त्याचे गनिमी सोबती! अहो, तेव्हा तो एक तेवीस वर्षांचा मुलगा होता, बाहेरदेशी होता, आणि वडिलांना पत्र लिहीत होता. त्याला लढाई माहीत नव्हती.

हा दोष इंग्रजांचाच आहे असं समजू नका. आपण डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याबाबतीत हेच केलं. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. वय पुरतं बावीसही नव्हतं. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, त्यात त्यांच्या पत्रांना जागा दिली, हे काशीबाईंचे उपकार. पण आपण ती पत्रं कशी वाचतो? हुतात्म्याची वाणी म्हणून. गोपाळरावांच्या वागण्याविषयी त्यांनी पत्रांतून स्पष्ट शब्दांत बोलून दाखवलं आहे. ते वाचताना आपण जरा चाचरतो, कारण हुतात्मा रागावलेला आपल्याला चालत नाही. शेवट आधी वाचून मग पत्र वाचलं, तर पत्रातलं जिवंत माणूस हरवतं.

म्हणून आम्ही स्वतःपुरती एक कसोटी केली आहे. प्रवासातल्या माणसाचं कुठलंही लेखन हातात आलं की विचारायचं: बेत कुठे मोडला? निघताना जे बघायचं ठरवलं होतं, त्यापेक्षा वेगळं काही दिसलं का? दिसलं, तर ते लपवलं की लिहिलं?

ही कसोटी घेऊन आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पेंडलबरीपेक्षा चार वर्षांनी लहान असलेला एक मुलगा मुंबईत वाढत होता. हसमुख धीरजलाल सांकलिया, जन्म १९०८, गुजराती घरातला, तब्येतीनं नाजूक. वयाच्या पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथाचं गुजराती भाषांतर त्याच्या हाती पडलं, आणि त्यानं ठरवलं की संस्कृत शिकायचं, आर्यांच्या मूळस्थानाचा प्रश्न सोडवायचा. केवढा मोठा बेत! सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांच्या हाताखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध झाला. १९३४ ते १९३६ लंडन. तिथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात खणायचं कसं, थर वाचायचे कसे, हे शिकायला मिळालं. १९३९ साली डेक्कन कॉलेज. आणि मग? वेदांच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हातात आली ती गुजरातच्या नद्यांच्या काठची दगडी हत्यारं. लांघणजला इरावती कर्वे यांच्यासोबत काम करताना हाती आले अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे. पुढे जोर्वे, नेवासे, इनामगाव. मातीच्या घरात राहणारे, धान्य पिकवणारे, घराच्या जमिनीखाली लेकरं पुरणारे लोक. ज्या प्रश्नापायी संस्कृत शिकले, तो प्रश्न बाजूला राहिला, आणि ज्यांची भाषासुद्धा आपल्याला ठाऊक नाही अशा माणसांची घरं पुढे आली. इतका सुंदर मोडलेला बेत आमच्या वाचनात दुसरा नाही.

पण डॉ. सांकलियांनी हे सगळं सांगितलं ते १९७८ सालच्या इंग्रजी आत्मचरित्रात, वयाच्या सत्तरीला. त्याचं नाव 'बॉर्न फॉर आर्किऑलॉजी'. जन्मच मुळी पुरातत्त्वासाठी! आमचा त्यांच्याविषयीचा आदर पूर्ण ठेवून सांगतो, हे नाव पुस्तकावर अन्याय करतं. पंधरा वर्षांच्या त्या मुलाला आपला जन्म कशासाठी आहे हे कुठे माहीत होतं? शीर्षकानं सगळे खाचखळगे बुजवून सरळ रस्ता केला. आत्मचरित्राचं हे दुखणंच आहे. ते मागे वळून बघतं, म्हणून त्याला सगळं ठरल्यासारखं दिसतं. मेडन कॅसलच्या चरात उभ्या असलेल्या तरुण सांकलियांच्या मनात त्या दिवशी काय होतं, हे त्या संध्याकाळच्या पत्रानंच सांगावं. पेंडलबरीचं भाग्य एवढंच की त्याची पत्रं कुणीतरी ट्रंकेत ठेवली.

आता पेंडलबरीवर आमचा खरा आक्षेप सांगतो. त्याच्याकडे पत्रं आहेत, पण ती एकाच बाजूची आहेत. क्नोसॉसला मनोलिस अकुमियानाकिस नावाचा मुकादम होता. इव्हान्स साहेबांच्या काळापासून त्या मातीत मुरलेला. कुठे कुदळ मारायची आणि कुठे खुरपं घ्यायचं, हे अशा माणसाच्या हाताला कळतं. पेंडलबरी ज्या लढाईत गेला, त्याच १९४१ च्या लढाईत हाही गेला. त्याची पत्रं कुठे आहेत? नाहीत. असायचं कारणही नाही. मुकादमाला घरी पत्र लिहायची गरज नव्हती, तो घरीच होता. घरी पत्र लिहितो तो परका. म्हणजे पुरातत्त्वातली 'घरची पत्रं' हा प्रकार जन्मतःच पाहुण्याचा आहे. पाहुणा कितीही चांगला असला, तरी यजमानाची बाजू त्याच्या पत्रात पाहुण्याच्याच अक्षरात येते.

मीना प्रभू यांचं 'ग्रीकांजली' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. ते प्रवासवर्णन आहे, हजारो वाचकांना उद्देशून. पत्र एका माणसाला असतं. पण दोन्हीकडे बघणारा बाहेरून आलेला असतो, ही गोष्ट सारखीच. यात दोष देण्यासारखं काही नाही. वाचताना विसरू नये, इतकंच.

आणि इथे आता त्या आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. सेलूत बसून ग्रीसचं काय करायचं? आजोबा, ग्रीसनं एकदा आपलं काय केलं होतं, ते ऐका.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या कुणा दर्यावर्द्यानं एक पुस्तिका लिहिली: 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. त्याचं नाव कुणालाही ठाऊक नाही. त्यात तो सांगतो की बॅरिगाझाहून, म्हणजे भडोचहून, दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे. पैठणहून मौल्यवान दगड येतात, तगरहून कापड येतं, आणि हा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतो. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिलं. पैठण आणि तेर, दोन्ही आपल्या मराठवाड्यातली. रस्ते नाहीत ही तक्रारही ओळखीची वाटते ना? दोन हजार वर्षं जुनी आहे!

आमची कसोटी त्याला लावा. हा नुसता बेत आहे. कुठे जावं, काय घ्यावं, काय विकावं. वीस दिवस लिहिले, पण विसातला एकही दिवस लिहिला नाही. गाडीचा आस मोडला का, पाणी कुणी दिलं, काही नाही. कदाचित तो स्वतः समुद्रकिनारा सोडून आत आलाच नसेल. बेत मोडायला आधी पाय तरी धुळीत पडावा लागतो.

उलट जुन्नरला या. तिथे डोंगरातल्या लेण्यांत एक छोटा शिलालेख आहे. गतांपैकी इरिल नावाच्या यवनानं दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिली. संपलं, एवढंच. कार्ल्याच्या चैत्यगृहातही खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची नावं आहेत, पण ती सिहधय, धम्म अशी आपल्या वळणाची. 'यवन' म्हणजे दर वेळी ग्रीकच, असं सगळे अभ्यासक मानत नाहीत. इरिल हे नाव मात्र परकं वाटतं. तो कुठून आला, कशासाठी आला, परत गेला की नाही, घरी त्यानं काय कळवलं, यातलं काही शिल्लक नाही. पण व्यापाराला आलेला माणूस परक्या डोंगरात पाण्याची टाकी खोदवतो, तेव्हा त्याचा मूळचा बेत कुठेतरी मोडलेला असणार. आणि ती ओळ त्यानं ग्रीकमध्ये कोरवली नाही. इथल्या प्राकृतात, इथल्या लिपीत कोरवली. ते घरी पाठवलेलं पत्र नाहीच. ते यजमानांना लिहिलेलं पत्र आहे. पेंडलबरीच्या सगळ्या पत्रव्यवहारात आम्हाला जी बाजू अपुरी वाटते, ती या एका ओळीत आहे. म्हणून आमच्या लेखी 'पेरिप्लस'पेक्षा इरिलची ओळ मोठी.

तर त्या मुलाला आमचं सांगणं असं. बाबा रे, जा. बेत जरूर कर, पेंडलबरीसारखा हट्टी कर. पण पुण्याला जायच्या आधी इथून जवळच्या चारठाण्याला एक दिवस जाऊन ये. तिथली देवळं, तो उंच स्तंभ, ती बारव बघ, आणि बारवेच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्याशी बोल. तिथे तू पाहुणा नाहीस. तिथे तू मुकादमाच्या बाजूचा आहेस. ती बाजू लिहिणारं माणूस क्रीटला मिळालं नाही.

आणि घरी काय कळवणार, या तुझ्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आता आम्हाला थोडंफार सुचलं आहे. मोबाइलवर 'पोहोचलो, जेवलो' एवढं कळवशीलच. ते आजचं 'इकडील सर्व कुशल'. पण महिन्यातून एकदा कागदावर लिही. काय सापडलं ते दोन ओळींत पुरे, ते अहवालात येईलच. काय सापडेल असं वाटलं होतं आणि सापडलं नाही, ते लिही. खड्ड्यात तुझ्या शेजारी कोण होतं, त्याच्या डब्यात काय होतं, तो मातीला काय म्हणतो, ते लिही. काळी, मुरमाड, पांढरी, चोपण, हे तुझ्या वडिलांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. जुन्या गावठाणाच्या मातीला आपल्याकडे पांढरी म्हणतात, हे कुणी प्राध्यापकानं ठरवलेलं नाही, शेतकऱ्यानं ठरवलं. वडिलांना विचार, तेही उत्तर पाठवतील. मग पत्रव्यवहार दोन्ही बाजूंचा होईल.

आणि आजोबा, तुम्ही आणि घरच्या मंडळींनी एवढं करा. ती पत्रं ट्रंकेत जपून ठेवा. तो मोठा झाला, नाव झालं, की सत्तरीला आत्मचरित्र लिहील आणि म्हणेल, माझा जन्मच यासाठी होता. तेव्हा ट्रंक उघडून दाखवा.